वरच्या पदराची पिन

आता हात कापतात. सुईत दोरा सून ओवून देते, आणि तेवढ्यात काय शिवायचं होतं ते मी विसरलेलो असतो. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, माझं शिंप्याचं दुकान चाळीसेक वर्षं होतं. त्या धंद्याबद्दल लिहा, असं दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा वाटलं, यात लिहायचं काय? आयुष्यभर खाकी शिवली. जंगलखात्याच्या गार्डांची खाकी, नाक्यावरच्या शिपायांची खाकी, नंतर कोळसाखाणीच्या चौकीदारांची खाकी. एका गार्डाला तंबाखू-चुन्यासाठी आतून चोरखिसा लागायचा. तो साहेबाला दिसू नये, पण न बघता हाताला सापडावा, ही त्याची अट. तीन वेळा उसवून घेतला त्यानं. चौथ्यांदा मी तो खिसा बरोबर त्याच्या काळजावर बसवला, तेव्हा कुठे गप्प झाला. असली गिऱ्हाइकं पुष्कळ झाली. त्यांच्या गमती सांगितल्या की ऐकणारे हसतात, मी मात्र दमतो.

खाकी सोडून एकदाच सात घागरे शिवले होते. बायकांचे नव्हे, पुरुषांचे. ते मी सहसा कोणाला सांगत नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. एक दिवस सोमाजी नावाचा माणूस दुकानात आला. जातीनं ढिवर, म्हणजे मासेमार, मार्कंड्याच्या देवळाच्या पल्याड वैनगंगेच्या काठी त्याचं गाव. लढाईच्या वर्षांत तो फौजेच्या बँडमध्ये मशकबाजा वाजवायचा. मशकबाजा म्हणजे कातडी पिशवी फुंकून भरायची, काखेत दाबायची आणि नळ्यांतून सूर काढायचे. त्याला शिकवणारा उस्ताद स्कॉटलंडचा गोरा. त्या मुलखात बाजा वाजवणारा गडी गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा घागरा नेसतो, त्याला ते किल्ट म्हणतात. उस्ताद मायदेशी जाताना स्वतःचा किल्ट आणि त्यावरचा सगळा साज सोमाजीला देऊन गेला होता. सोमाजीनं ते गाठोडं माझ्या पाटावर सोडलं.

"गणपतभाऊ, असे सात पाह्यजेत," तो म्हणाला. "आठवा हा माझा हाये. तो बी थोडा दुरुस्त करा लागते."

मी म्हणालो, "सोमाजी, लग्नाच्या वरातीत घागरा नेसून नाचणार का रे बाबा?"

तो हसला नाही. मग त्यानं कारण सांगितलं. चांद्याजवळच्या एका कोळसाखाणीचा मॅनेजर स्कॉटलंडचा होता. सगळे त्याला मोठा साहेब म्हणत. त्याला खाणीचा स्वतःचा बँड उभा करायचा होता. आठ जणांना बारमाही नोकरी आणि प्रत्येकाला राहायला पक्की खोली. जानेवारीत मैदानावर वाजवून दाखवायचं, साहेब पसंत करेल तो बँड राहील. नागपूरचाही एक बँड येणार होता. सोमाजीचं घर दोन वर्षांत दोनदा पुरानं नेलं होतं. बायको दोन्ही वेळा लेकराला डोक्यावर घेऊन पाण्यातून निघाली होती.

"वाजवाची फिकर नाई," तो म्हणाला. "वाजवतो आमी. पण साहेब पहिले कपडे पाहीन. त्याच्या मुलखाचे हायेत ते."

म्हणजे त्या आठ खोल्या माझ्या सुईवर आल्या.

किल्ट शिवणं कठीण नाही, वेळखाऊ आहे. एकेका घागऱ्याला सात-आठ वार कापड. मागे दाट चुण्या, आणि चुण्या अशा घालायच्या की चौकडीची रेघ मोडू नये. पुढे दोन सपाट पदर, एकावर एक. वरचा पदर उजव्या कमरेला येऊन बंद होतो. पहिला मी सवयीनं डावीकडे उघडणारा शिवला. सोमाजीनं हातात घेतला, उलटसुलट केला आणि शांतपणे म्हणाला, "हा बायकोचा झाला, गणपतभाऊ." पूर्ण उसवला.

खरी कटकट वरच्या साजाची. लोकांना वाटतं दागिना म्हणजे कुठेही लटकवला की झालं. तसं नसतं. पुढे पोटाखाली एक थैली असते, केसाळ, गोंडे लावलेली. ती बरोबर मधोमध आणि पट्ट्याच्या बक्कलखाली तीन बोटं. दोन बोटं झाली तर पोट सुटल्यासारखं दिसतं, पाच झाली तर चालताना मांड्यांवर आपटते. ढोलवाल्यानं मात्र ती कमरेच्या बाजूला सरकवायची, नाहीतर ढोलाखाली चेमटते. गुडघ्याखाली लोकरीचे मोजे दुमडायचे, दुमडीतून लाल फितीची दोन टोकं बाहेर काढायची, तीही पायाच्या बाहेरच्या अंगाला. उजव्या मोज्यात सुरी, तिची फक्त मूठ दिसली पाहिजे. आमच्याकडे थैल्या बकऱ्याच्या केसांच्या झाल्या. सुऱ्यांना पाती नव्हतीच, तेंदूच्या काळ्या गाभ्याच्या नुसत्या मुठी कोरून घेतल्या. जंगलात काय कमी आहे? मोज्यात खोचल्यावर कोणाला कळणार होतं?

आणि शेवटी पिन. तळहाताएवढी, तलवारीच्या आकाराची, चांगली जड. कासाराकडून पितळेच्या सात ओतून घेतल्या. ही लावायची उजवीकडे, वरच्या पदराच्या खालच्या कोपऱ्यात. काठापासून दोन बोटं आत, खालून चार बोटं वर.

"फक्त वरच्या पदराले," सोमाजीनं बजावलं. "खालच्या पदराले लावाची नाई."

"मग ती धरते काय?"

"काई नाई धरत. वजनाले असते. वाऱ्यानं कोपरा उडू नये म्हून."

हे काही माझ्या गळी उतरेना. मी शिंपी माणूस. दोन पदर आहेत, हातात पिन आहे, आणि ती एकाच पदराला टोचून सोडून द्यायची? आमच्याकडे धोतराचा कासोटा घट्ट खोवल्याशिवाय पुरुष उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. ज्या वस्त्राला कासोटा नाही त्याला निदान टाचा तरी. मी दोन-तीनदा विषय काढला. सोमाजी दरवेळी तेच सांगायचा, आवाज न चढवता. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, गोऱ्यांना काय कळतं शिवणातलं.

त्या सात जणांना घागरा नेसायला शिकवणं हे आणखी एक काम. रोज दुपारी दुकानामागच्या परसात उभे राहायचे. कोणाची थैली डावीकडे झुकलेली, कोणाच्या फिती आतल्या बाजूला. कडेनं गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. सगळ्यात लाजायचा मोठा ढोलवाला बिरजू मडावी. तिशीतला, धिप्पाड, गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावचा. ढोल गळ्यात घातला की अंगात आल्यासारखा वाजवायचा, आणि ढोल उतरवला की दोन्ही हातांनी घागरा धरून बसायचा. आत गुडघ्यापर्यंत चड्डी असायची, तरी.

जानेवारीतला तो दिवस आला. खाणीचं मैदान उघडं, बाजूला कोळशाचे ढीग, सकाळपासून वारा. नागपूरचा बँड आधी वाजवून गेला. लाल कोट, पांढऱ्या पाटलोणी, नेहमीचा लग्नाचा थाट. साहेबाच्या चेहऱ्यावर काही हाललं नाही. आता आमची पाळी होती, आणि साज तर आमचाच त्याच्या मुलखाचा. मला खात्री होती.

माझं आणखी एक काम होतं तिथे. खाणीच्या चौकीदारांच्या कोटांचं कंत्राट निघायचं होतं आणि नमुन्याचा कोट साहेबाला दाखवायला मी घेऊन गेलो होतो. कार्यक्रम झाला की बघतो, असा निरोप होता.

कोळशाच्या शेडमागे मी एकेकाला तयार करत होतो. सोमाजीचं स्वतःचं आवरून झालं होतं, तो पलीकडे बाजे सुरात लावत होता. बिरजू माझ्यापाशी आला. मैदानाच्या कडेला बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, माह्या सासरचे आले. साळे, सासरा, सारेच. हवा भल्ली सुटून राह्यली. हा पदर उडला तं मी तोंड कुठी दाखवू?"

"आत चड्डी आहे ना?"

"चड्डी हाये. पण उडाले नाई पाह्यजे, भाऊ. दोन्ही पदर टाचून द्या नं. सोमाजीभाऊले काऊन सांगता?"

मी सोमाजीकडे पाहिलं. त्याची पाठ होती. आणि खरं सांगायचं तर बिरजूनं गळ घातली म्हणून नव्हे, माझ्याच हातांना ते हवं होतं. इतके दिवस ती सुटी पिन मला खुपत होती. मी पिन उघडली, दोन्ही पदरांतून आरपार घातली आणि बंद केली. बरं वाटलं. ते बाकीच्यांनी पाहिलं. "मले बी, भाऊ." "माह्या बी." पाच मिनिटांत सातही जणांचे पदर मी टाचून मोकळा झालो. सोमाजीची एकट्याची पिन तेवढी सुटी राहिली.

बँड निघाला. सूर लागले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे आज इतक्या वर्षांनीही सांगतो. हळू चालीत सगळं ठीक दिसलं. मग सोमाजीनं चाल वाढवली. ढांगा लांब पडायला लागल्या आणि मला माझी चूक डोळ्यांनी दिसली. किल्टचे पुढचे दोन पदर पायाबरोबर एकमेकांवर सरकायला हवेत. मी ते जखडून टाकले होते. सोमाजीचा किल्ट झुलत होता. बाकी सात जणांचे गुडघ्यांना आखडून ओढले जात होते, कोपऱ्यात गोळा होत होते, आणि गडी पाय बांधलेल्या बैलांसारखे आखूड पावलं टाकत होते. सोमाजी पुढे होता, त्याला मागचं दिसत नव्हतं.

वळणावर बिरजूनं मोठी ढांग टाकली. कापड फाटल्याचा आवाज ढोलामुळे कोणाला आला नाही, पण मला आला. शिंप्याला तो येतोच. पिननं दोन्ही पदर उभे फाडले, वारा आत शिरला, आणि ज्या कोपऱ्यासाठी एवढं केलं तोच कोपरा त्याच्या छातीपर्यंत उडाला. मैदानाच्या कडेनं हशा पिकला. बिरजूचे दोन्ही हात टिपऱ्यांत अडकलेले. त्यानं ढोल सोडला नाही, हे त्याचं मोठेपण. डोळे मिटून शेवटपर्यंत वाजवत राहिला.

वाजवणं संपल्यावर साहेब रांगेसमोरून चालत आला. रागावलेला दिसत नव्हता. पहिल्या गड्याच्या थैलीकडे पाहिलं, मान हलवली. फिती पाहिल्या. मुठी पाहिल्या, एक ओढून बघितली, पातं नाही हे पाहून त्याला हसू आलं. मग काठीच्या टोकानं किल्टचा कोपरा उचलला. दोन्ही पदर बरोबर उचलले गेले. पुढचा गडी. तेच. तिसरा. तेच. सोमाजी तेव्हा पहिल्यांदा मागे वळला आणि त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रांगेच्या टोकाला उभा होतो, काखेत नमुन्याचा कोट, हातात टाचण्यांची डबी.

साहेबानं हिंदुस्थानीत विचारलं, "ये किसने लगाया?"

आठही जणांना माहीत होतं. मला माहीत होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काखेतला कोट घसरला आणि मी तो सावरला. एवढाच वेळ गेला. सोमाजी एक पाऊल पुढे आला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "हमने बोला था, साब. दर्जी का कसूर नहीं."

साहेब त्याच्या पिनकडे बघत होता. ती बरोबर लावलेली होती, दोन बोटं आत, चार बोटं वर. स्वतःची बरोबर आणि आपल्या माणसांची चुकीची, याचा अर्थ त्यानं काय लावला असेल कोण जाणे.

"फौज में यही सीखा?" त्यानं विचारलं.

"जी, साब."

आयुष्यात त्या माणसापाशी फौजेची म्हणून एकच गोष्ट उरली होती, नीट शिकल्याची इज्जत. ती त्यानं माझ्यासमोर, सगळ्या मैदानासमोर देऊन टाकली. मी तरीही बोललो नाही. आता बोललो तर उगाच गोंधळ होईल, असं मी मनाला सांगितलं. नंतर सांगू, असंही सांगितलं. दोन्ही खोटं होतं. मला कंत्राट पाहिजे होतं.

नागपूरचा बँड राहिला. साहेबानं मला ऑफिसात बोलावलं, कोट उलटून शिवण पाहिली, काजं पाहिली आणि म्हणाला, काम साफ है. त्याच दुपारी चौकीदारांची मापं घ्यायला लावली. मी एकेकाची छाती, बाही, खांदा मोजत होतो, आणि खिडकीतून दिसत होतं, आमचे आठ जण गाठोडी घेऊन फाटकाबाहेर पडत होते. बिरजू धोतरात होता, सगळ्यांच्या मागे. सोमाजीनं एकदाही वळून पाहिलं नाही. येताना आम्ही सगळे एकत्र आलो होतो.

बँड महिनाभरात मोडला. किल्ट कोणी आणून दिले नाहीत आणि मी मागितले नाहीत. सोमाजी गावी गेला, असं कळलं. मी दुकानाला दुसरी मशीन घेतली, मग तिसरी. घरावर कौलं चढवली. लोक म्हणत, गणपतभाऊंचं चांगलं चाललं. चाललं होतंच. दर वर्षी चौकीदारांचे कोट, दर वर्षी तेच फाटक.

चार वर्षांनी महाशिवरात्रीला बायकोनं मार्कंड्याच्या जत्रेचा हट्ट धरला. ती दर्शनाच्या रांगेत लागली आणि मी नावेनं पल्याड गेलो. सोमाजीचं घर शोधायला वेळ लागला नाही. नदीपासून आणखी थोडं वर सरकवून पुन्हा कुडाचंच बांधलं होतं. तो अंगणात फेकायचं जाळं पसरून बसला होता. मला पाहून उठला.

"या गणपतभाऊ. बसा. बाईले आणलं नाई का?"

त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मुलगी कितवीत, बाजा वाजवतोस का, असलं काहीबाही मी विचारत राहिलो. मशकेचं कातडं उंदरांनी खाल्लं, असं तो म्हणाला. मग माझी नजर जाळ्याच्या घेराकडे गेली. ढिवर लोक घेराला शिशाच्या गोळ्या बांधतात, म्हणजे जाळं चटकन बुडतं. गोळ्यांच्या मधे मधे पितळेच्या तलवारी बांधल्या होत्या. मी मोजल्या. सात.

"गड्यांनी जाता जाता माह्यापाशीच टाकल्या," तो म्हणाला. "वजनाले चांगल्या हायेत."

"आणि आठवी?"

"ते उस्तादाची हाये. तिले कायले पान्यात टाकू?" त्यानं आत बोट दाखवलं. कुडाच्या भिंतीवर किल्ट घडी करून टांगला होता. पिन त्याच्या वरच्या पदरावर होती.

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सोमाजी, त्या दिवशी पिना मी टाचल्या. मी बोलायला पाहिजे होतं. तुझी खोली गेली माझ्यामुळे."

तो जाळ्याची एक गाठ दातानं ओढत होता. ती पक्की झाल्यावरच बोलला. "पिना तुमीच टाचल्या, ते मले तवाच मालूम होतं. शिंप्याचा हात हाये तो, त्याले राहवत नाई. त्याचा मले राग नाई. काखेतला कोटबी मी पाह्यला होता. एकाचं तरी काम व्हावं म्हून मी बोललो."

त्यानं पुढची गाठ हातात घेतली.

"पण तुमी बी बोलाले पाह्यजे होतं, गणपतभाऊ," तो म्हणाला. आवाज तसाच, पिनचा नियम सांगताना असायचा तसा. "नोकरीचं नाई म्हनत मी. ते गेलीच होती. बोलले असते तं घरी जाताना आपन सारे संगं गेलो असतो."

तो मला धक्क्यापर्यंत सोडायला आला, खांद्यावर जाळं घेऊन. मी नावेत बसल्यावर तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं जाळं फेकलं. ते गोल उघडलं, पितळ क्षणभर चमकलं आणि सगळं एकदम खाली गेलं. तो परत ओढायला लागला. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

माझ्या पिशवीत खाणीच्या मापांची वही होती. दुसऱ्या दिवशी चौकीदारांचे नवे कोट द्यायचे होते. मी ते दिले. त्यानंतरही वीस वर्षं देत राहिलो.